घनसाळ पिकवणाऱ्यांची कंपनी : प्रशिक्षण अंगी कधी लागलं

आजरा तालुक्यातली ही शेतकरी उत्पादक कंपनी नोंदणीनंतरच्या तिसऱ्या वर्षी जवळजवळ ठप्प झाली होती. सभासद साडेतीनशेच्या घरात, भागभांडवल जमलेलं, भाड्याच्या खोलीत कार्यालय आणि भिंतीवर प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं. व्यवहार मात्र खत-बियाण्याच्या विक्रीपुढे गेला नव्हता. ज्या घनसाळसाठी कंपनी काढली, ते भात सभासद कंपनीला घालतच नव्हते. सुगी झाली की दारात टेम्पो घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला पोती देऊन मोकळे होत. कंपनीचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या प्रशिक्षकांपैकी मी एक, आणि जिल्ह्यातल्या दुसऱ्या गटांना उपयोग व्हावा म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितो आहे.

घनसाळविषयी थोडं. आखूड दाण्याचा, वासाचा तांदूळ. आजरा घनसाळला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झाड उंच वाढतं, त्यामुळे लोळतं. सुधारित जातींच्या मानाने उतारा कमी. पीक उशिरा हाताला येतं, आणि तोवर गव्यांपासून, या पट्ट्यात हत्तींपासूनही ते राखावं लागतं. इतकं करून शेतकरी ते लावतो, कारण घरात भात शिजला की शेजारी वास जातो आणि मुंबईतली माणसं हाच तांदूळ मागतात. असं पीक टिकायचं तर पिकवणाऱ्याच्या पदरात जास्तीचे पैसे पडले पाहिजेत. कंपनीचा सगळा हेतू एवढाच होता आणि तो मला आजही शंभर टक्के पटतो.

कंपनी उभी राहिली ती केंद्राच्या 10,000 शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेतून. 29 फेब्रुवारी 2020 रोजी सुरू झालेल्या या योजनेला 6,865 कोटी रुपयांची तरतूद होती. एका संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत, सभासदाच्या भागभांडवलाइतकंच माणशी 2,000 रुपयांपर्यंत अनुदान (एका संस्थेला कमाल 15 लाख) आणि हात धरून चालवायला पाच वर्षं एक सहाय्यक संस्था, अशी तिची रचना. मैदानी भागात किमान 300 सभासदांची अट. रचना चांगली आहे. पण सभासदांचा आकडा गाठायच्या घाईत ओळखीपाळखीने शेअर घेतले गेले आणि त्यातले पुष्कळ मुंबईला नोकरीत असलेल्या पुरुषांच्या नावावर पडले. शेत कसणारी बाई गावात आणि सभासद मुंबईत, ही गाठ पुढे दोन वर्षं पायात अडकत राहिली.

प्रशिक्षण झालं नव्हतं असं अजिबात नाही. कंपनी कायदा, निर्यात, ब्रँडिंग, ई-नाम (शेतमालाचा सरकारी ऑनलाइन बाजार), डिजिटल विपणन असे विषय होऊन गेले होते. काही वर्ग ऐन रोप लावणीत लागले, काही मार्चअखेरीस, कारण निधी 31 मार्चच्या आत खर्ची पडायचा होता. यायचे ते तेच दहा-बारा संचालक. कार्यालयात एका संचालकांना मी विचारलं, की या सगळ्यातलं कंपनीत काय वापरलं? ते प्रामाणिकपणे म्हणाले, “ऐकताना सगळं पटतंय बगा. पण सकाळी कुलूप उघडल्यावर पहिलं काय करायचं, ते कुणी सांगितलं न्हाई.”

म्हणून नवा वर्ग लावायच्या आधी आम्ही वही घेऊन घरोघर बसलो. मागच्या सुगीत घनसाळ कुणाला दिलं, काय भावानं, पैसे कधी मिळाले आणि कंपनीला का दिलं नाही, एवढंच विचारलं. भाव हे पहिलं कारण निघेल असं वाटलं होतं, तसं निघालं नाही. बहुतेकांचं म्हणणं दोनच गोष्टींभोवती फिरत होतं. व्यापारी त्याच दिवशी पैसे देतो. कंपनीचे कधी येतील, कुणी छातीठोक सांगत नाही. आणि कंपनीने सुरुवातीला थोडं भात घेतलं तेव्हा ‘ओलं आहे’ म्हणून वजनात घट धरली, ती कशी धरली ते कुणाला कळलं नाही. घट व्यापारीही धरतोच. पण त्याच्याकडून लोकांची अपेक्षा तेवढीच. आपल्या म्हणवणाऱ्या कंपनीनं तसं केलं, ते मनाला लागलं.

इथे कोल्हापूर जिल्ह्याची एक मोठी पुंजी कामी आली. या जिल्ह्यात खेडोपाडी दूध संस्था आहे. बाई सकाळी किटली घेऊन जाते, तिच्यासमोर दूध मोजलं जातं, फॅट काढलं जातं, चिठ्ठी हातात पडते, आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. घट कशी धरली हा प्रश्न तिथे उठत नाही, कारण मोजणं डोळ्यासमोर होतं आणि पैशाचा दिवस ठरलेला असतो. साडेतीनशे घरांना ही पद्धत पिढीभर अंगवळणी पडलेली होती. कंपनीने मात्र तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. संचालक मंडळाशी बोलून ठरलं, की यंदाचं सगळं प्रशिक्षण भात खरेदीच्या एका चिठ्ठीभोवती करायचं. त्या चिठ्ठीवर जे जे लिहायचं, ते ते प्रत्येकाला यायला पाहिजे.

खळ्यावरचा वर्ग

पहिला वर्ग डिसेंबरच्या सुरुवातीला, मळणी चालू असताना, एका सभासदाच्या खळ्यावर घेतला. वेळ दुपारची: सकाळची धार-पाणी उरकल्यावर आणि संध्याकाळच्या धारेआधी. बायका प्रथमच संख्येने जास्त होत्या.

आधी कुणीही यंत्र काढलं नाही. तिघांचं भात वेगवेगळ्या घमेल्यात ठेवलं आणि सगळ्यांना अंदाज विचारला. जाणती माणसं दाणा दाताखाली धरून सांगत होती. कडकन फुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. मग मॉइश्चर मीटर लावला. जाणत्यांचे अंदाज क्रमाने बरोबर निघाले: सर्वांत ओलं कोणतं आणि वाळलेलं कोणतं ते अचूक. आकडा मात्र कुणाला आला नाही, आणि भांडण नेमकं आकड्यावर होतं.

मग खडूने खळ्यावरच हिशेब मांडला. समजा एका क्विंटल भातात 20 टक्के ओलावा आहे. म्हणजे 20 किलो पाणी आणि 80 किलो कोरडा माल. साठवायचं तर भात 14 टक्क्यांच्या आसपास आलं पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. कोरडा माल 80 किलोच राहणार, तो 86 टक्के व्हायला हवा. भागाकार केला की 93 किलो येतात. म्हणजे हे पोतं कंपनीच्या गोदामात वाळून 7 किलोनं कमी होणार. शेजारचं पोतं 14 टक्क्यांचंच असेल, तर ते शंभरला शंभर राहणार. दोघांना सारखाच भाव दिला, तर वाळवण्याचे कष्ट घेणाऱ्याच्या खिशातले पैसे न वाळवणाऱ्याला जातात.

मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, “म्हणजे 17 ला किती?” त्यांना स्वतःलाच करायला सांगितलं. 83 भागिले 0.86, साडेशहाण्णव. साडेतीन किलो घट. त्यांनी ते मोबाइलवर काढलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. हमीभावाच्या सरकारी खरेदीत भाताला 17 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, हेही तेव्हाच सांगितलं. त्या दुपारी घटीचा तक्ता तयार झाला: 14 पासून 20 पर्यंत प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे किती किलो. तो मोठ्या अक्षरात रंगवून खरेदीच्या जागी लावला. तक्ता सभासदांनी स्वतः काढला असल्यामुळे नंतर त्यावर वाद झाला नाही. लक्षात घ्या, त्यात सांगितलेलं सातवीच्या गणिताच्या पलीकडचं काही नव्हतं. फरक एवढाच, की ते ज्या मालावर लागू होणार होतं तो माल समोर होता आणि ज्यांचे पैसे होते ती माणसं समोर होती.

मीटर कुणी लावायचा, हा प्रश्न आपोआप सुटला. गावच्या दूध संस्थेत फॅट काढण्याचं काम केलेल्या दोन सुना सभासद घरांतल्या होत्या. नमुना पोत्याच्या मधून आणि खालून घ्यायचा, तीन वेळा मोजून सरासरी धरायची, काट्याची परडी आधी रिकामी करून शून्य बघायचं, या सवयी त्यांच्या हातात होत्याच. त्यांच्याबरोबर आणखी दोघी तयार केल्या. चिठ्ठी तीन प्रतींत: एक सभासदाला, एक हिशेबनीसाला, एक पुस्तकात. वजन, ओलावा, घट, निव्वळ वजन, दर, पहिली उचल (मालाच्या किमतीतला आधी मिळणारा भाग) आणि ती खात्यावर पडण्याची तारीख, एवढं तीवर यायचं.

पहिली उचल

रोख पैशाचा प्रश्न मात्र चिठ्ठीनं सुटणारा नव्हता. कंपनीकडे खेळतं भांडवल तुटपुंजं. संचालकांचा आग्रह असा, की बँकेकडून कर्ज काढू आणि व्यापाऱ्यासारखे शंभर टक्के पैसे त्याच दिवशी देऊ. आम्ही त्यांना हिशेब करायला बसवलं. सोप्या आकड्यांत: 200 क्विंटल भात, 5,000 रुपये दर, म्हणजे 10 लाख. कर्ज 12 टक्क्यांनी, आणि सगळा तांदूळ सहा महिन्यांनी विकला असं धरलं, तर व्याज 60,000. क्विंटल भातामागे 300 रुपये. भरडून क्विंटलाला 65 किलो तांदूळ धरला, तर किलोमागे साडेचार रुपयांहून जास्त नुसतं व्याज. पहिल्यांदा सत्तर टक्केच दिले, तर हेच व्याज क्विंटलला 210 वर येतं.

उरलेले तीस टक्के नंतर देणं कायद्यात बसतं. उत्पादक कंपनीच्या कायद्यात मालाच्या किमतीचा काही भाग मागे ठेवून पुढे देण्याची स्पष्ट तरतूद आहे. मूळ 2002 च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात आलेला हा भाग 2013 च्या कायद्यात 2021 पासून प्रकरण 21-अ म्हणून आहे. पण कलम वाचून दाखवल्यावर संचालकांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ऊस घालणाऱ्याला पहिली उचल आणि दुसरा हप्ता हे कुणी शिकवावं लागत नाही. तसं मांडल्यावर मात्र प्रश्न धडाधड आले. दुसरा हप्ता कधी? किती? कोण ठरवणार? कारखान्याच्या हप्त्यासाठी या जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर उतरतो, तेव्हा हे प्रश्न येणारच होते आणि तेच आम्हाला हवे होते. मंडळानं ठराव केला: सत्तर टक्के आठवड्याच्या आत खात्यावर, उरलेल्याची तारीख ठरलेली, आणि विक्रीचा हिशेब त्याआधी सूचना फलकावर.

पहिल्या हंगामात सगळ्यांनी भात घातलं नाही. ज्यांना लग्नाला, दवाखान्याला रोख लागत होती त्यांनी व्यापाऱ्यालाच दिलं, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ठरल्या आठवड्यात उचल खात्यावर पडली. गावात त्याची चर्चा झाली, आणि पुढच्या सुगीत भात घालणाऱ्या घरांची संख्या डोळ्यांनी दिसेल इतकी वाढली.

संचालकांची बैठक

संचालकांसाठी वेगळे वर्ग बंद केले. दर महिन्याच्या बैठकीतला पहिला तास शिकण्याचा, असं ठरवलं. कायद्यानं तीन महिन्यांतून एक बैठक बंधनकारक आहे, पण धंदा चालवायला ती पुरत नाही. त्या तासात त्याच महिन्याचा जमाखर्च वाचायचा, आणि वाचायचा तो हिशेबनीसानं नव्हे, पाळीपाळीने एकेका संचालकानं. पहिले दोन महिने फार अवघड गेले. येणी आणि देणी यांतला फरक विचारताना वडीलधाऱ्या माणसाला संकोच वाटतो. तिसऱ्या महिन्यात ज्येष्ठ संचालकांनीच आवाज चढवला: खताचे उधारीवर गेलेले पैसे ‘येणी’मध्ये वर्षभर तसेच का? ते चौकशीत दोन संचालकांच्या नातेवाइकांकडे निघाले. वातावरण तापलं, एक बैठक अर्धवट उठली. पण पैसे वसूल झाले, आणि उधारीला मर्यादा घालणारा ठराव झाला. मला वाटतं, त्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण त्या अर्धवट उठलेल्या बैठकीत झालं.

वार्षिक सभेची अडचण वेगळी होती. सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांच्या एक चतुर्थांशाची गणपूर्ती लागते. साडेतीनशेंना अठ्ठ्याऐंशी माणसं. पुरुष मुंबईत, मग सभा भरायची कशी? सभा सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी घेता येत नाही, आणि नोंदणीकृत कार्यालय असलेल्या गावातच घ्यावी लागते. उपाय दोन निघाले. गणपतीला मुंबईकर गावी असतात, तेव्हा त्या आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सभा लावली, नोटीस चौदा दिवस आधी. आणि खरा उपाय म्हणजे कसणाऱ्या बायकांना सभासद करून घेणं. कायद्यातली उत्पादकाची व्याख्या उत्पादनाच्या कामाशी जोडलेली आहे, सातबाऱ्यावरच्या नावाशी नाही. हे कळल्यावर एका गावच्या बायकांनी बचत गटातून शेअरचे पैसे भरले. त्यांतल्या एक आता संचालक आहेत. एका सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत, हा नियम त्यांनीच सभेत वाचून दाखवला.

जे जमलं नाही

मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून एक हुशार कृषी पदवीधर होता. कर्जाचे प्रस्ताव, वार्षिक विवरणपत्रं, अन्नपरवाना, सगळं त्याला शिकवलं, आणि दीड वर्षात चांगली नोकरी मिळून तो गेला. त्याचं काही चुकलं नाही. त्याला मिळणारा पगार घर चालवण्यासारखा नव्हता. पण विवरणपत्रांचे पासवर्डसुद्धा फक्त त्याच्याकडे होते. विवरणपत्रं सलग तीन वर्षं भरली गेली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, ही तलवार डोक्यावर असताना कंपनी दोन महिने चाचपडत होती. तेव्हापासून नियम केला: कुठलंही काम शिकवायचं ते दोघांना, आणि त्यांतली एक व्यक्ती गावातलीच हवी. फॅट काढणाऱ्या त्या दोघींपैकी एक आज हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवते.

पॅकिंगचा वर्ग आम्ही उशिरा घेतला. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद तांदळावर 5 टक्के जीएसटी आहे. एक किलोच्या देखण्या पिशवीची किंमत ठरवताना तो धरावा लागतो, म्हणून पिशव्या छापायला टाकण्याआधीच हे ठाऊक हवं. मानांकनाचंही तसंच. आपण आजऱ्यात पिकवतो म्हणजे पिशवीवर मानांकनाचं चिन्ह आपोआप लावता येईल, अशी सभासदांची समजूत होती. कायद्यानं त्यासाठी उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ते अर्ज भरण्याचं काम अजून चालूच आहे. भेसळीविरुद्ध बोलायचा हक्क हातात येण्यासाठी ते करायलाच हवं.

विक्रीत जे जमलं ते वर्गात शिकवलेलं नव्हतंच. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या यादीवरून सभासदांनी नातेवाइकांना फोन केले, आणि मे महिन्यात गावी आलेली माणसं परतताना पाच-दहा किलोच्या पिशव्या घेऊन गेली. घनसाळचं पहिलं हक्काचं गिऱ्हाईक तेच होतं. निर्यातीच्या वर्गात आम्ही घालवलेला वेळ यादी बनवण्यात घालवला असता तर बरं झालं असतं, असं मंडळाचं स्पष्ट मत आहे आणि ते योग्य आहे.

सध्या मंडळापुढे दोन प्रश्न आहेत. व्यवस्थापन खर्चाची सरकारी मदत संपते आहे, आणि यापुढे अधिकाऱ्याचा पगार कंपनीच्या धंद्यातून निघायला हवा. दर क्विंटल भातामागे किती रुपये ठेवले तर तो निघेल, याचा तक्ता संचालकांनी स्वतः मांडला आहे. आज येतं तेवढ्या भातावर तो आकडा सभासदांना जड जाईल असं दिसतं. दुसरा प्रश्न भरडण्याचा. बाहेरच्या हलरवर, म्हणजे भरडण्याच्या साध्या यंत्रावर, कणी जास्त पडते, म्हणून रबर रोल शेलर (रबरी रोलांमधून भात सोलणारं यंत्र) घ्यावा असं निम्म्या मंडळाचं म्हणणं आहे. उरलेले म्हणतात, आधी सिमेंटचं वाळवणीचं खळं करा. नीट न वाळलेलं भात कुठल्याही यंत्रात फुटणारच. गणपतीतल्या सभेआधी दोन्ही बाजूंनी आपापला हिशेब फलकावर लावायचा आहे, आणि मतदानाआधी सभासद तो वाचणार आहेत.